सगळ्याच फायर अँट बाहेरच्या नसतात

इथे टेक्सासमध्ये नवीन माणसाला शेजारी आधी बजावतात, गवतात अनवाणी जाऊ नका. फायर अँट ही डसणारी लाल मुंगी आधी जबड्याने कातडी घट्ट धरते आणि मग पोटाच्या टोकाची नांगी पुन्हा पुन्हा खुपसते. आग लगेच होते. एखाद्या दिवसात तिथे पांढरट पुटकुळी येते. म्हणून लाल मुंगी दिसली की लोक सरसकट विषारी पूड टाकतात. मला हे अजिबात पटत नाही.

उपद्रवी म्हणतात ती मुंगी सोलेनोप्सिस इन्व्हिक्टा. ती मूळची दक्षिण अमेरिकेची, १९३० च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरातून देशात शिरली. पण जेमिनाटा आणि झायलोनी या फायर अँट इथल्याच आहेत. त्यांची वारुळं मारली की जागा मोकळी होते आणि नेमकी इन्व्हिक्टाची नवी राणी तिथे बस्तान बसवते.

आधी मुंगी फायर अँट आहे का ते बघावं. हार्वेस्टर अँटही लाल असते आणि कडक डसते, पण ती मोठी असते, वारुळातल्या बहुतेक सगळ्या एकाच मापाच्या, आणि साफ केलेल्या जमिनीत मधोमध तिचं उघडं भोक दिसतं. टेक्सासचा शिंगाळ सरडा मुख्यतः याच मुंग्यांवर जगतो, तेव्हा त्यांना हात लावू नये. फायर अँटच्या भुसभुशीत ढिगाला वरून भोक नसतं. ढीग जरा डिवचला की लहानमोठ्या सगळ्या मापाच्या मुंग्या उसळून वर येतात.

नमुना घ्यायला ढिगाशेजारी चिप्सचा तुकडा ठेवावा, मुंग्या चढल्या की चिमट्याने उचलून अल्कोहोलच्या बाटलीत टाकावा. सगळ्यात मोठ्या मुंग्या त्यात यायलाच हव्यात, कारण ओळख त्यांच्यावरून पटते. जेमिनाटाच्या मोठ्या कामकरीचं डोकं अंगाच्या मानाने प्रचंड, चौकोनी, मागे मधोमध खोल खाच असलेलं. ती बिया फोडते, त्यासाठी जबड्याचे स्नायू तेवढेच दांडगे लागतात. इन्व्हिक्टाचं डोकं असं फुगत नाही.

झायलोनीला ओळखणं अवघड. रंगावर तर मुळीच जाऊ नये, एकाच वारुळात फिकट आणि गडद दोन्ही सापडतात. चांगल्या भिंगाखाली, किंवा सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तमच, चेहरा समोरून बघावा. जबड्यांच्या वर जी कड असते तिच्यावर दोन बाजूंना दोन दात असतात. इन्व्हिक्टाला त्या दोघांच्या बरोबर मध्ये तिसरा, छोटासा दात असतो. झायलोनीला तो सहसा नसतो, असलाच तर अगदी पुसट. पहिल्यांदा तो दात स्पष्ट दिसला तेव्हा मी बराच वेळ भिंग खाली ठेवलं नाही. मुंगी जेमतेम काही मिलिमीटरची, दात तर डोळ्यांना दिसतही नाही, आणि वारुळाचं काय करायचं ते त्यावर ठरतं!

मिसिसिपी, अलाबामाच्या उत्तर भागात रिक्टेरी ही काळी फायर अँटही आहे. तिचा इन्व्हिक्टाशी संकर होतो, आणि ती संकरित मुंगी भिंगाने ओळखता येत नाही, तिथे प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.