उजेडात दिसणारी गाठ

आज ऑप्टिकल मॅमोग्राफीचं, म्हणजे प्रकाश वापरून स्तनातली गाठ तपासण्याच्या तंत्राचं, प्रात्यक्षिक पाहिलं, डोकं अजून त्यातच आहे. मोबाइलचा टॉर्च बोटांमागे धरला की बोटं लालभडक दिसतात ना, तत्त्व तेच. फक्त इथे साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश, बराचसा डोळ्यांना न दिसणारा. तो ऊतींमध्ये काही सेंटिमीटर आत शिरतो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतं. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उभ्या करते, म्हणून तिथे हिमोग्लोबिन बहुधा जास्त भरतं. साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, गाठीत सहसा तितकं नाही. आणि नेहमीच्या मॅमोग्राफीसारखा क्ष-किरणांचा संबंधच नाही!

चित्र मात्र फारच धूसर. प्रकाश आत गेला की सरळ चालतच नाही, चहूकडे विखुरतो. गाठीची कड कुठे संपते हे छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणून अनेकदा अल्ट्रासाउंडची जोड लागते. शिवाय काही साध्या गाठींनाही भरपूर रक्तपुरवठा असतो, तिथे फसगत होऊ शकते. (दिव्याचा उजेड आरपार टाकून स्तन तपासायची कल्पना शल्यचिकित्सक मॅक्स कटलर यांनी १९२९ मध्येच मांडली होती, हे आवर्जून सांगण्यासारखं.)

निदानावर शिक्कामोर्तब अजूनही बायोप्सीच (गाठीचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी) करते. पण केमोथेरपी लागू पडतेय का, हे पुन्हापुन्हा पाहायला हे तंत्र मला जास्त कामाचं वाटतं.