खाडीपलीकडचा बिघाड घरबसल्या ओळखणं: पावसाळ्यातली प्रगती

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी मांडणी. दाभोळच्या खाडीच्या धोपाव्याकडच्या तीरावर आमचं घर, समोर दाभोळच्या बाजूला आतेभावाचं. इंटरनेटचं फायबर आमच्या दारापर्यंत आलंय, त्याच्या वाडीपर्यंत नाही. म्हणून दोन्ही घरांवर पाइप उभारून ५ गिगाहर्ट्‌झचे रेडिओ समोरासमोर लावले. २०१८ साली या पट्ट्याचा बराच भाग आपल्याकडे परवानामुक्त झाला, त्यामुळे आपल्यासारख्या हौशी माणसाला हे रीतसर करता येतं. लिंक उत्तम चालते. प्रश्न उरतो तो ती पडते तेव्हाचा. पलीकडे जायचं म्हणजे फेरीबोट, आणि भर पावसात कौलांवर चढणं. निघण्याआधी कळायला हवं की दोष कुठल्या काठावर आहे आणि काय आहे. या पावसाळ्यात मी फक्त याच एका गोष्टीच्या मागे होतो.

जून

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर (पुढे नुसतं ‘पाय’) नागिओस चढवलं, म्हणजे यंत्रांवर लक्ष ठेवून बिघाड कळवणारं सॉफ्टवेअर. ईथन गॅलस्टॅडने १९९९ मध्ये नेटसेंट नावाने सुरू केलेलं हेच ते सॉफ्टवेअर. पहिल्या जोरदार पावसात पलीकडची लाईट गेली आणि फोनवर संदेशांची रांग लागली: रेडिओ गेला, राऊटर गेला, कॅमेरा गेला, पंपाचा सेन्सर गेला. दोष एक, आरोळ्या अनेक. यावरचा पहिला उपाय नागिओसमध्येच आहे. कोण कोणाच्या मागे आहे ते नातं लिहून दिलं की पुढचं यंत्र पडल्यावर मागच्यांना तो ‘बंद’ न म्हणता ‘पोचता येत नाही’ म्हणतो, आणि त्या प्रकारचे संदेश बंद ठेवले की संदेश एकच येतो. ज्यांनी अजून हे केलेलं नसेल त्यांनी आधी एवढं कराच.

पण यातून कुठे ते कळतं, का ते कळत नाही. पलीकडचा रेडिओ उत्तर देत नाही, याची कारणं चार असू शकतात. माइक मूसने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला पिंग, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघणारा छोटा प्रोग्राम, अजूनही माझं रोजचं हत्यार आहे, पण त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच.

इथे मला येमिनींचं काम सापडलं, आणि गेल्या कित्येक महिन्यांत इतका आनंद दुसऱ्या कशाने झाला नव्हता. शाउला आणि येखियाम येमिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात नेटवर्कमधल्या बिघाडांच्या निदानाची एक पद्धत काढली, १९९६ मध्ये तिला अमेरिकेत पेटंटही मिळालं. कल्पना अशी: प्रत्येक बिघाडाला ठरावीक लक्षणं असतात. लक्षण असेल तर १, नसेल तर ०. असं लिहिलं की प्रत्येक बिघाडाला आकड्यांची एक ओळ मिळते, तोच त्याचा संकेत. प्रत्यक्ष आलेल्या लक्षणांची ओळ ज्या संकेताच्या सर्वांत जवळ, तो बिघाड. शेकडो लक्षणं गोळा करत बसायची गरज नाही. बिघाड एकमेकांपासून वेगळे ओळखू येतील एवढीच निवडायची, आणि ती निवडक ओळींची वही म्हणजे ‘कोडबुक’. नुसत्या तापावरून काही कळत नाही, पण ताप, हुडहुडी आणि एक दिवसाआड येणं हे तिन्ही सांगितलं की घरातलं म्हातारं माणूसही हिवताप म्हणतं, तसंच हे.

याच्या मुळाशी बेल लॅब्समधल्या रिचर्ड हॅमिंगचं १९५० सालचं काम आहे. दोन संकेत किमान तीन जागी वेगळे असतील तर एक आकडा चुकीचा आला तरी मूळ संकेत ओळखता येतो. आपल्याकडे पावसाळ्यात एखादा संदेश हरवणं किंवा खोटा येणं रोजचंच. म्हणून मी ठरवलं की वहीतल्या कुठल्याही दोन बिघाडांत तीनचं अंतर असलंच पाहिजे.

जुलै: भरती

सगळ्यात जास्त वेळ या एका बिघाडाने घेतला आणि त्याचं सार्थक झालं. सिग्नल हळूहळू खाली यायचा, काही वेळ लिंक तुटायची, मग आपोआप वर. पाऊस नसताना, लाईट असताना. आलेख लावून पाहिल्यावर दिसलं की हे रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकतंय. किनाऱ्यावरच्या माणसाला पुढचं सांगायला नको.

कारण पाण्यावरचं परावर्तन. एक लहर सरळ जाते, दुसरी पाण्यावर आपटून. दोन्हींच्या वाटेतला फरक साधारण दोन्ही उंचींचा गुणाकार गुणिले दोन, भागिले अंतर. समजा दोन्ही रेडिओ पाण्यापासून १२ मीटरवर आहेत आणि मध्ये १५०० मीटर पाणी आहे, तर फरक येतो १९ सेंटिमीटर. पाणी २ मीटर चढलं की उंची १० मीटर राहते आणि फरक १३ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे जवळजवळ ६ सेंटिमीटरचा बदल. ५.८ गिगाहर्ट्‌झची लहर ५.२ सेंटिमीटरची. एका भरतीत दोन्ही लहरी एकमेकींना साथ देण्यापासून एकमेकींना मारण्यापर्यंत जाऊन परत येतात!

लक्षात घ्या, सिग्नल पूर्ण भरतीला पडत नाही, पाणी एका ठरावीक पातळीला आलं की पडतो. ती पातळी चढताना एकदा लागते, उतरताना एकदा. म्हणून आलेखात भरतीच्या वेळेच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर दोन खड्डे दिसतात. उधाणाला ते खोल आणि अरुंद, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत कधी दिसतच नाहीत. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, “अरे, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळेल. त्यात काय एवढं?” तेच सूत्र स्क्रिप्टमध्ये घातलं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. खड्डा भरतीच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर आला की ‘भरती’ हे लक्षण १. कायमचा उपाय म्हणजे रेडिओ अशा उंचीवर नेणं की परावर्तनाची जागा पाण्याऐवजी तिवरांच्या पट्ट्यात पडेल. ते काम पावसाळ्यानंतर.

खारी हवा आणि झावळ्या

खाऱ्या हवेने नेटवर्क केबलच्या टोकाच्या आरजे-४५ कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. निदानासाठी कामाची गोष्ट अशी की गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. एखादी जोडी गेली की पोर्ट बंद न पडता गुपचूप १०० वर उतरतो, आणि सीआरसीच्या, म्हणजे माहितीच्या प्रत्येक पाकिटासोबत जाणाऱ्या तपासणीच्या आकड्याच्या, चुका वाढत जातात. दोन्ही आकडे एसएनएमपीने, म्हणजे यंत्राला त्याची स्थिती विचारायच्या ठरलेल्या पद्धतीने, मिळतात. १९८८ पासूनचा हा प्रोटोकॉल, आणि अजून त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही मला मिळालेलं नाही.

माडाची झावळी मध्ये आली तर सिग्नल वाऱ्याबरोबर सेकंदासेकंदाला नाचतो. भरतीचा उतार संथ असतो. ही चंचलता आधी मी मोजत नव्हतो, आणि वहीत ‘भरती’ आणि ‘झावळी’ यांच्यात दोनचंच अंतर पडत होतं. चंचलता हे सातवं लक्षण घातलं आणि ते तीन झालं.

लाईट गेल्याचा निरोप

पलीकडे राऊटर आणि रेडिओ छोट्या यूपीएसवर आहेत. त्याच्या जोडीला एक ईएसपी-३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) ठेवला, तो यूपीएसच्या आधीच्या चार्जरवर लक्ष ठेवतो. लाईट गेली की तो लगेच एक पाकीट पाठवतो. ही युक्ती जुनी आहे, ईथरनेटच्या २००४ च्या ८०२.३एएच मानकात यंत्राने बंद पडतापडता पाठवायच्या खुणेची सोय आहे. हे यूडीपी पाकीट, म्हणजे पोच न मागता पाठवलेलं, त्यामुळे हरवू शकतं, म्हणून तेच तीनदा.

या पाकिटात मी अनुक्रमांक आणि स्वतःचा सीआरसी दोन्ही घातले, आणि त्याचं कारण २७ ऑक्टोबर १९८० ला आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, घडलेली गोष्ट. त्या दिवशी एका यंत्राच्या हार्डवेअरमधून बिट गळले आणि एकाच स्थितिसंदेशाच्या ८, ४० आणि ४४ अशा क्रमांकांच्या प्रती तयार झाल्या. क्रमांक सहा बिटांचे आणि गोल फिरणारे (६३ नंतर पुन्हा ०), त्यामुळे प्रत्येक प्रत दुसरीपेक्षा नवी ठरत गेली, सगळी यंत्रं त्याच पुढे ढकलत राहिली आणि आख्खं जाळं काही तास बंद पडलं. तारेवर चुका तपासल्या जात होत्या, यंत्राच्या स्मृतीत नाही. म्हणून माझा सीआरसी सेन्सरमध्येच बनतो आणि थेट पायवर तपासला जातो, आणि क्रमांक ३२ बिटांचा, कधी मागे न फिरणारा.

नारळी पौर्णिमेनंतरची वही

लक्षणांचा क्रम: पिंग नाही, लाईटचा निरोप, सिग्नल खाली, पोर्ट १०० वर, सीआरसी वाढता, भरतीची वेळ, चंचलता.

पलीकडची लाईट: ११०००००
भरती: १०१००१०
झावळी: ००१०००१
आमच्या बाजूचा सडका कनेक्टर: ०००११००

कुठल्याही दोन ओळी ताडून बघा, किमान तीन जागी फरक आहे. एक निरोप हरवला तरी निदान बदलत नाही. नारळी पौर्णिमेच्या उधाणात भरतीच्या वेळेचं लक्षण आलंच नाही, कारण तिथीचं सूत्र ढोबळ आहे. तरी ‘१०१००००’ ही ओळ भरतीपासून एका अंतरावर आणि बाकी सगळ्यांपासून दोन किंवा जास्त अंतरावर होती. पायने ‘भरती, थांबा’ असा संदेश दिला आणि लिंक स्वतःहून परत आली. आतेभावाला फोन करून हे सांगताना मला फार बरं वाटलं.

आता राहिलंय ते दोन बिघाड एकदम येण्याचं. लाईट जाते तेव्हा वाराही असतो, म्हणजे झावळीही असते. अशा जोडीसाठी वेगळी ओळ लिहावी लागेल आणि मग तीनचं अंतर टिकवायला आणखी एक-दोन लक्षणं शोधावी लागतील. पलीकडच्या रेडिओचं तापमान उपयोगी पडेल का ते तपासतोय. खाडीवरून किंवा समुद्रावरून कोणाची लिंक असेल आणि सिग्नलची मिनिटामिनिटाची नोंद ठेवली असेल, तर अमावस्या ते अष्टमी एवढा तुकडा पाठवा. रेडिओची पाण्यापासूनची उंची आणि अंतर सोबत लिहा, खड्डे कुठे पडायला हवेत ते मी काढून कळवतो.