तुम्ही विचारलेत म्हणून: वणव्यानंतर पाणी निवळले, तरी गाळ कशासाठी तपासायचा?

वणवा विझून बराच काळ लोटला, ओढ्याचे पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागले. मग तळाचा गाळ अजून कशासाठी तपासता, असे मला वारंवार विचारले जाते. याचे कारण असे की राखेसोबत आलेल्या धातूंपैकी बराच भाग पाण्यात विरघळलेला नसतो. तो सूक्ष्म कणांना चिकटून तळाशी बसतो, आणि म्हणून पाण्याच्या निर्दोष नमुन्यावरून तळाविषयी काहीच सांगता येत नाही.

आगीत धातू नव्याने तयार होत नाहीत. झाडांनी मुळांवाटे शोषलेले मँगनीज, जस्त आणि तांबे, तसेच वर्षानुवर्षे हवेतून पालापाचोळ्यावर साचलेले शिसे जंगलात आधीपासूनच असते आणि सेंद्रिय पदार्थ जळाले की बव्हंशी राखेत उरते. पारा मात्र उष्णतेने बाष्प होऊन बराचसा हवेत निघून जातो. क्रोमियमचे वर्तन मला सर्वांत चिंताजनक वाटते, कारण तेथे प्रमाण नव्हे तर रूपच पालटते: कॅलिफोर्नियातील 2019 आणि 2020 सालच्या वणव्यांनंतर, मुळातच क्रोमियम भरपूर असलेल्या सर्पेंटाइन खडकावरील तीव्रतेने जळालेल्या जमिनीत, एरवी निरुपद्रवी असणाऱ्या क्रोमियमचे विषारी आणि पाण्यात सहज विरघळणाऱ्या हेक्झाव्हॅलंट क्रोमियममध्ये रूपांतर झालेले आढळले.

जुन्या खाणी असल्या तर प्रश्न आणखी बिकट होतो. कोलोरॅडोतील बोल्डरजवळ 2010 साली फोरमाइल कॅन्यनमध्ये वणवा लागला; त्यानंतर उघड्या पडलेल्या उतारांवर कोसळलेल्या वादळी पावसाने खाणींच्या जुन्या टाकाऊ ढिगाऱ्यांतील आर्सेनिक आणि इतर धातू प्रवाहात आणले. वस्ती जळाली, तर रंग, तारा, नळ आणि वाहने यांतील धातूंचीही भर पडते.

गाळाच्या आकड्यांचा अर्थ लावणे मात्र वाटते तितके सरळ नाही, आणि बहुतेक घाईचे निष्कर्ष येथेच निघतात. धातू प्रामुख्याने 63 मायक्रॉनपेक्षा बारीक कणांवर एकवटतात, आणि वणव्यानंतर ओढ्यात बारीक मातीच अधिक येते. त्यामुळे प्रदूषण न वाढताही शिशाचा आकडा वाढू शकतो. म्हणून धातूचे ॲल्युमिनियमशी (जे बारीक मातीचाच नैसर्गिक घटक असल्याने तिचे प्रमाण दाखवते) असलेले गुणोत्तर पाहावे लागते, आणि शक्य असेल तेथे वरच्या बाजूच्या न जळालेल्या ओढ्याशी तुलना करावी लागते, कारण वणव्यापूर्वीचे नमुने कोणी क्वचितच घेऊन ठेवलेले असतात. गोड्या पाण्यातील गाळासाठी 2000 साली प्रसिद्ध झालेल्या, उत्तर अमेरिकेतील माहितीवर आधारलेल्या निकषांनुसार किलोमागे 35.8 मिलिग्रॅमपेक्षा कमी शिसे असल्यास तळातील जीवांवर परिणाम सहसा दिसत नाही, तर 128 मिलिग्रॅमपुढे तो संभवनीय ठरतो. मधल्या पट्ट्यात केवळ आकड्यावरून निवाडा करणे मला मान्य नाही, तेथे गाळातील जीवांची चाचणीच हवी.

तळाशी बसलेला धातू तेथेच स्थिर राहील, असेही नाही. गाळ धरणाच्या जलाशयात पोहोचला आणि तळाचा प्राणवायू संपला, तर लोह व मँगनीजची ऑक्साइडे विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक पुन्हा पाण्यात येते. म्हणूनच वणव्यानंतरच्या पहिल्या जोरदार पावसानंतर गाळाचे नमुने घ्यावेत, पुढच्या प्रत्येक मोठ्या पुरानंतर पुन्हा घ्यावेत, आणि खाली जलाशय असेल तर उन्हाळ्याच्या अखेरीस त्याच्या तळालगतचे पाणीही तपासावे.