तुम्ही विचारलंत म्हणून: ‘कळवतो’ ऐकल्यावर काय करायचं?

तालीम संपते, लेव्हल्स (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) भिंतीला लागतात, दिवे बंद व्हायला येतात, आणि कुणीतरी एक मुलगी मागे रेंगाळते. चप्पल घालायला उगाच वेळ लावते. मग हळूच विचारते, “ताई, एवढ्या वेळा नाही म्हणाले तुम्हाला, तरी तुम्ही टिकलात कशा?” कधी मुलगा असतो, कधी मुलीची आई. दर वेळी मी कुलूप शोधता शोधता काहीतरी अर्धवट बोलते आणि घरी येऊन वाटत राहतं, हिला नीट सांगायला हवं होतं. म्हणून आज बसून लिहितेय.

आधी एक सांगते. मला तोंडावर “नाही” फार थोड्या लोकांनी म्हटलंय. नाटकातला नकार सहसा शब्दांत येतच नाही. “छान झालं. कळवतो हं,” एवढंच येतं. त्यानंतर काहीच येत नाही, आणि माणूस खचतो तो तिथे.

मी तेवीस वर्षांची होते. राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या सांगली केंद्रावर दोन वर्षं काम करून झालं होतं, एकदा अभिनयाचं प्रमाणपत्रही मिळालं होतं. मुंबईत एका व्यावसायिक नाटकात धाकट्या सुनेच्या भूमिकेसाठी मुलगी बघतायत असं कळलं. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघाले, सकाळी दादरला उतरले, स्टेशनवरच तोंड धुऊन साडी नेसले. अडीच पानांचा प्रवेश होता. वाचला, मग एकदा पाठ नसतानाही हातातला कागद खाली ठेवून केला. टेबलामागची तिघंही माणसं चांगली वागली, चहा दिला. “कळवतो,” म्हणाले. परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही, पण ती आनंदानं.

मग अकरा दिवस मी फोन खाली ठेवला नाही. आंघोळीला जाताना आईच्या हातात देऊन जायचे. अनोळखी नंबर आला की पोटात गोळा यायचा, आणि निघायचं काय तर कर्ज हवंय का विचारणारं कुणीतरी. बाराव्या दिवशी आमच्या संघाचे रंगभूषेचे काका ब्रश धूत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “कळवलं का गं मुंबईनं?”

“नाही अजून.”

“अगं, मग तेच कळवलंय की त्यांनी.”

त्या वेळी मला ते फार लागलं. आज वाटतं, त्या माणसानं माझी कितीतरी वर्षं वाचवली. वाट बघणं संपल्याशिवाय दुःख सुरूच होत नाही, आणि दुःख सुरू झाल्याशिवाय ते संपायचं तरी कसं? त्या रात्री मी रडले, पोटभर. आईनं समजूत घातली नाही, नुसती शेजारी बसून शेंगा सोलत राहिली. तेवढंच हवं होतं.

तेव्हापासून मी एक वही ठेवलीय. ऑडिशनला गेले की तारीख, भूमिका, काय वाचलं, कुठे अडखळले, कुठे जमलं हे त्याच दिवशी लिहायचं. पंधराव्या दिवसापर्यंत फोन आला नाही की त्याच पानावर स्वतःच्या हातानं “नाही” लिहायचं. समोरच्यानं न उच्चारलेला शब्द आपणच लिहून टाकायचा. एकदा पंधरवडा उलटून गेल्यावर फोन आलाही होता. आनंदच झाला, पण तोवर मी दुसऱ्या नाटकाच्या तालमीत होते.

“नाही” लिहिलं की दुसऱ्या दिवशी मी फोन करते. भांडायला नाही, आणि पुन्हा एकदा बघा म्हणायलाही नाही. एवढंच विचारते, “मी सांगलीहून आले होते. माझं काय कमी पडलं ते सांगाल का?” बरेच जण उचलत नाहीत. काही जण “तसं काही नाही” म्हणतात. पण एका दिग्दर्शकानं फोनवर दोन मिनिटांत जे सांगितलं ते मला कुठल्याच शिबिरात मिळालं नव्हतं. म्हणाले, “तुमचं शेवटचं अक्षर ऐकू येत नाही.”

मी वहीत तो प्रवेश काढून पाहिला. त्यात वाक्य होतं, “मी दाराला कडी लावलीच नव्हती.” मोठ्यानं म्हणून बघा. आपल्या मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, होकार-नकारही तिथेच कळतो. भावना दाटून आली की आवाज नेमका तिथे खाली जातो. मी “लावलीच” वर सगळा जीव ओतत होते आणि “नव्हती” गिळत होते. म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसाला मी उलटीच गोष्ट सांगत होते! अख्खं नाटक त्या कडीवर उभं होतं.

पुढचे चार महिने संध्याकाळी मी आणि माझी एक मैत्रीण कृष्णेच्या घाटावर जायचो. ती वरच्या पायरीवर, मी खाली पाण्यापाशी. मी वाक्य म्हणायची आणि शेवटचा शब्द पोचला नाही की ती हात वर करायची. पहिल्या आठवड्यात तिचा हात बहुतेक वरच असायचा. ओरडायचं नाही ही अट होती. वाक्य संपेपर्यंत श्वास पुरवून ठेवायचा, आणि अर्थ शेवटच्या शब्दाला टेकवायचा. दुखऱ्या मनाला हातात करण्याजोगं काम मिळालं की ते सावरतं, हे मला त्या पायऱ्यांवर कळलं.

काही नकारांत मात्र सुधारण्यासारखं काही नसतंच. हे मला टेबलाच्या पलीकडे बसल्यावर समजलं. स्पर्धेचं नाटक बसवत होते, आईच्या भूमिकेसाठी आठ बायका वाचून गेल्या. त्यांतली सगळ्यात चांगली नटी मी घेतली नाही. तिचा आवाज आमच्या मावशी करणाऱ्या बाईंच्या आवाजाच्या इतका जवळचा होता की अंधारातल्या प्रवेशात कोण बोलतंय ते कळेना. बस, एवढंच कारण. तिच्या अभिनयाशी त्याचा काही संबंध नव्हता. आणि निघताना मी तिला काय म्हणाले असेन? “कळवते.” तोंडातून तेच आलं. चार दिवस माझा हात फोनकडे जाईना. पाचव्या दिवशी केला आणि खरं कारण सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, “बरं झालं ताई, फोन केलात.” त्यानंतर मी कुणालाही “कळवते” म्हणून सोडून दिलेलं नाही. जे दिग्दर्शक होतील त्यांच्याकडे माझं एवढं एकच मागणं आहे.

आणि एका प्रकारच्या नकाराबद्दल मी वेगळं बोलते. मला एकदा सांगितलं होतं, “काम उत्तम आहे, पण आम्हाला उजळ मुलगी हवीय.” भूमिका शेतावर राबणाऱ्या बाईची होती. असला नकार पचवू नका. त्यावर रागच यायला हवा. त्याचा दोष आपल्या अंगावर घेऊन आरशासमोर उभं राहायचं नाही, कुणी राहत असेल तर तिला ओढून बाजूला करायचं.

मुली विचारतात, टिकायचं तर पैशाचं काय? मी शाळेत शिकवते. ज्या महिन्यात एकही नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मिळत नाही त्या महिन्यातही घरात किराणा येतो, म्हणून मी ऑडिशनला हात पसरून जात नाही. नोकरी म्हणजे हार, असं मला कधीच वाटलं नाही. आपल्याकडे हौशी रंगभूमी आहे हे केवढं मोठं आहे! राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. बँकेतले, एसटीतले, शाळेतले, दवाखान्यातले लोक दिवसभर काम करून रात्री अकरापर्यंत तालमी करतात आणि दोन-तीन अंकी नाटक उभं करतात. व्यावसायिक नाटकानं दार लावलं तरी नाटक बंद होत नाही, असे फार थोडे प्रदेश असतील.

आम्ही सांगलीकर हे जरा अभिमानानं बोलतो, कारण मराठी नाटकाची सुरुवातच इथे झाली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ केलं. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले आणि भाव्यांचा राजाश्रय सुटला. ज्या दरबारानं नाटक करायला सांगितलं त्याच दरबारात आता त्याला जागा नाही, हे त्यांना कसं वाटलं असेल याचा मी अनेकदा विचार करते. मंडळी घेऊन ते बाहेर पडले, गावोगाव फिरले, १८५३ मध्ये मुंबईत प्रयोग केले. दरवर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, भावे नाट्यमंदिरात बसले की मला १८४३ पेक्षा ते १८५१ जास्त आठवतं.

गेल्या मंगळवारी मी पुण्यात एका नाटकासाठी वाचून आले. भूमिका मनापासून आवडलीय. “कळवतो,” म्हणाले. आज आठवा दिवस आहे, आणि फोन आत्ता लिहितानाही वहीशेजारीच ठेवलाय.

काल मागे रेंगाळलेल्या मुलीला मी घाटावर बोलावलंय, उद्या संध्याकाळी सहाला. ती वरच्या पायरीवर उभी राहील, मी खाली पाण्यापाशी. मग जागा बदलू.