झाडांहून जुने नाव

वडोदऱ्याचे नाव वडावरून पडले, हे दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी घरांत मुलांना अक्षरओळखीच्या वयातच सांगितले जाते. त्यामुळे ‘उंटर डेन लिंडेन’, म्हणजे ‘लिंडेनच्या झाडांखाली’, असे नाव मिरवणारा बर्लिनचा राजमार्ग एकदा पायी चालून पाहावा, अशी माझी जुनी इच्छा होती. इंग्रजीत या झाडाला लाइम म्हणतात, आणि शाळेत असताना मी त्याचा अर्थ सरळ लिंबू असा घेतला होता. प्रत्यक्षात ते आपल्या फालशाचे दूरचे नातलग आहे. पाने पिंपळाच्या पानांची आठवण करून देणारी, हृदयाच्या आकाराची. गेल्या जूनमध्ये भाच्याकडे गेलो तेव्हा झाडे फुलली होती आणि मोटारींच्या वर्दळीतही मधासारखा वास येत होता.

हा रस्ता मुळात घोडेवाट होता. १५७३ मध्ये ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर, म्हणजे तिथला राज्यकर्ता, योहान गेओर्ग याने राजवाड्यापासून टियरगार्टन या शिकारीच्या रानापर्यंत ती आखली आणि १६४७ मध्ये फ्रीडरिश विल्हेल्म याने तिच्यावर लिंडेन व अक्रोड यांच्या सहा रांगा लावल्या. तीस वर्षांचे युद्ध अजून संपायचे होते आणि मुलूख खंगलेला होता. अशा वेळी राज्यकर्त्याला सावली सुचावी, याचे मला नवल वाटते.

इमारती आल्या त्या पुढच्या शतकात. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश याच्या काळात क्नोबेल्सडोर्फ याने बांधलेले ऑपेरागृह १७४३ मध्ये पूर्ण झाले. समोरचा राजपुत्र हाइन्रिश याचा वाडा नंतर विद्यापीठाचे घर झाला. पश्चिम टोकाला लांगहान्स याने १७८८ ते १७९१ या काळात अथेन्सच्या प्रोपिलेयाचा, म्हणजे तिथल्या अ‍ॅक्रोपोलिसच्या प्रवेशद्वाराचा, आदर्श ठेवून ब्रांडेनबुर्ग दरवाजा उभारला. त्याचे बारा खांब आणि पाच वाटा सर्वांनी छायाचित्रांत पाहिलेल्या असतात; माथ्यावरचा चार घोड्यांचा रथ मात्र १८०६ मध्ये नेपोलियनने पॅरिसला नेला होता आणि तो १८१४ मध्ये परतला, हे तिथे उभे राहून आठवले म्हणजे दरवाजा थोडा माणसाळतो. मला स्वतःला त्याहून आवडली ती शिंकेल याची ‘नॉये वाखे’ ही १८१८ मधली पहाऱ्याची चौकी. डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक धाटणीच्या, खांबांची ओळ, मागे जाड चौकोनी भिंती, आणि आकार असा बेताचा की शेजारच्या शस्त्रागाराच्या भव्यतेशी ती स्पर्धाच करीत नाही.

या दगडी इमारती जुन्या आणि झाडे त्यांच्याही आधीची, अशी माझी समजूत होती. ती तिथे पार मोडली. १९३६ च्या ऑलिंपिकसाठी रस्त्याखालून रेल्वेचा बोगदा काढताना मोठी झाडे तोडली गेली. त्यांच्या जागी लावलेली रोपे दिव्यांच्या खांबांपुढे इतकी खुजी दिसत की बर्लिनकर रस्त्याला ‘उंटर डेन लाटेर्नेन’, म्हणजे ‘दिव्यांखाली’, असे चेष्टेने म्हणू लागले. उरलीसुरली झाडेही युद्धाच्या शेवटी बाँबहल्ल्यांत आणि सरपणात गेली. आज उभ्या आहेत त्या रांगा प्रामुख्याने १९५० नंतरच्या लागवडीच्या.

इमारतींचे तरी वेगळे काय झाले? ऑपेरागृह १८४३ मध्ये जळाले, १९४१ मध्ये बाँबने उद्ध्वस्त झाले, लगेच सावरले, १९४५ मध्ये पुन्हा कोसळले आणि १९५५ मध्ये पुन्हा उघडले. रस्त्याच्या मधोमध असलेला, राउखने घडवलेला दुसऱ्या फ्रीडरिशचा अश्वारूढ पुतळा १८५१ चा. तोसुद्धा १९५० मध्ये पूर्व जर्मनीच्या राजवटीने पॉट्सडामला हलवला आणि १९८० मध्ये परत आणला. आपल्या कालाघोड्यावरचे सयाजीराव तीस वर्षे तिथून गायब झाल्याची कल्पना कोणा बडोदेकराने करून पाहावी.

संध्याकाळी मधल्या पदपथावरच्या बाकावर बसलो असताना एका बुंध्याला हात लावून मी भाच्याला म्हटले, “केवढे जुने झाड असेल हे!” तो हसला. “मामा, फार तर तुमच्या वयाचे.”