असईला जाताय? नदीचा उतार गाडीवाल्याला विचारू नका

२३ सप्टेंबरलाच जायचं हा हट्ट माझाच. इंग्रज आणि शिंदे-भोसल्यांमधली असईची लढाई त्याच तारखेची, १८०३ सालची. म्हटलं, नद्यांचं पाणी, चिखल, सगळं तेव्हासारखं दिसेल. दिसलं. गुडघ्यापर्यंत दिसलं.

जालन्याहून भोकरदन आरामात झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. तिथे गाडी ठरवली. "असई ना? भोकरदनच समजा," गाडीवाला म्हणाला. जाऊन-येऊन आठशे.

याच शब्दावर तेव्हा इंग्रजही फसले होते. शिंदे-भोसल्यांची छावणी भोकरदनला आहे, अशी खबर हरकाऱ्यांनी दिली. त्यांना परगणा म्हणायचा होता, इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली गाव समजला. स्टीव्हन्सन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची तुकडी येऊन मिळाली की दोघं मिळून हल्ला करू, असा त्याचा बेत होता. प्रत्यक्षात शत्रू पुढ्यातच निघाला, केळणा नदीच्या पलीकडे. शिंद्यांचा युरोपीय सेनानी पोलमन, त्याच्या हाताखालचं कवायती पायदळच दहा हजारांवर, शंभरावर तोफा, शिवाय हजारोंनी घोडदळ. वेलस्लीकडे प्रत्यक्ष भिडणारे जेमतेम साडेचार हजार. वय ३४. माघार घेतली तर घोडदळ पाठ सोडणार नाही, हे ओळखून त्याने त्याच दिवशी लढायचं ठरवलं.

आता नदी. वाटाडे म्हणाले, इकडे उतार नाही, म्हणजे पायी नदी ओलांडता येईल अशी जागाच नाही. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. एवढी जवळजवळ वसलेली गावं एकमेकांकडे जात-येत नसतील होय? तपास केला, उतार होता. मराठ्यांच्या डाव्या बगलेला फौज पार झाली. माझ्या मते सगळी हुशारी इथेच संपते. पुढे केळणा आणि जुई यांच्यामधली चिंचोळी पट्टी, तिथे एवढं घोडदळ पसरणार कुठे? नकाशावर हे कळत नाही. दोन्ही नद्या एका दमात चालून बघा, मग कळतं.

चालणं मात्र नरक आहे. उतारापासून असईकडे मी पांदणीने गेलो. काळी माती पायाला अशी लागते की दर दहा पावलांनी काठीने बूट खरवडायचे. कपाशीतून आडवं जाऊ नका, शेतकऱ्याचं नुकसान होतं आणि शिव्याही खाव्या लागतात. मी खाल्ल्या. दोन लिटर पाणी अर्ध्या वाटेतच संपलं. सप्टेंबरात जाऊच नका, डिसेंबरात जा. तारखेचा हट्ट धरणारा मूर्ख, हे सांगायचा अधिकार मला आहे.

वाटेत इंग्रजांबद्दलचा आदरही जरा उतरला. बगल पकडली हे खरं, पण पोलमनने अख्खी फळी काटकोनात वळवून समोर उभी केली. एवढी कवायत वेलस्लीने धरलीच नव्हती. त्यात इंग्रजांची उजवीकडची तुकडी वाट चुकून थेट असईच्या तोफांपुढे गेली, तिच्यामागून ७४वी पलटण, आणि ती जवळजवळ संपली. मेल्याचं सोंग घेतलेले शिंद्यांचे गोलंदाज पलटण पुढे गेल्यावर उठले आणि तोफा पुन्हा मागून डागल्या. इंग्रजांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४. तोफा ९८ हाती लागल्या, पण महाग पडल्या.

मला मात्र पालखेड आठवत राहिलं, वैजापूरकडचं. १७२८ साली बाजीरावाने निजामाला तिथे कोंडलं ते हलक्या घोडदळाने, अवजड तोफखाना मागे टाकायला लावून, रसद-पाणी तोडून. ७५ वर्षांनी त्याच मराठ्यांचे वारसदार नदीकाठी तोफांची रांग लावून शत्रूची वाट बघत उभे. वेग दुसऱ्याकडे गेला होता.

बाकी असईला तिकीटघर, गाईड, उपाहारगृह असं काही शोधत बसू नका. डबा भोकरदनहूनच घ्या. गाडीचे पैसे ठरवताना वेटिंगचं वेगळं विचारा, नाहीतर आठशेचे चौदाशे होतात. आणि उताराचं म्हशीवाल्याला विचारा. आमच्या गाडीवाल्याने "इथून पलीकडं जाताच येत नाही साहेब, पुलावरून फिरून जाऊ" म्हणत तासभर हिंडवलं. परत काठावर आलो तर एक पोरगं म्हशी घेऊन निवांत पलीकडे चढत होतं. पाणी त्याच्या पोटरीएवढं.