अकोल्याचं ऊन अंगावर, म्हणून अथेन्सला बिनधास्त

"चाळीस डिग्री? चाळीसला आमच्याकडे लग्नं लागतात," असं मी निघायच्या आधी ऑफिसात सांगत फिरत होतो. जन्म अकोल्याचा, ४५-४६ चा मे महिना दरवर्षी डोक्यावरून गेलेला. आम्हाला ग्रीसच्या उन्हाची भीती कोण घालणार! जुलै २०२५ मध्ये मी, बायको, नववीतला मुलगा आणि ७१ वर्षांची आई असे चौघं गेलो. तिसऱ्या दिवशी अक्रोपोलिसच्या, म्हणजे अथेन्समधल्या प्राचीन मंदिरांच्या टेकडीच्या उतारावर आई म्हणाली, "मला जरा बसू दे रे." बसली, आणि नातवाला माझ्या नावानं हाक मारली. दोनदा. चेहरा लाल, बोलणं जड.

तिथल्या एका कर्मचारी बाईंनी प्रथमोपचाराची माणसं बोलावली. तोवर आम्ही तिला भिंतीच्या हातभर सावलीत सरकवलं, बायकोची ओढणी बाटलीतल्या पाण्यानं चिंब करून मानेवर आणि काखेत ठेवली, आणि मुलगा नकाशाच्या कागदानं वारा घालत राहिला. वीसेक मिनिटांनी आई म्हणाली, "चहा मिळेल का?" तेव्हा जिवात जीव आला. पण माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागला की वाट बघायची नसते, सरळ ११२ फिरवायचा. युरोपभर हाच आपत्कालीन क्रमांक आहे. आम्ही तो फिरवला नाही, नशिबानं निभावलं.

त्या रात्री विचार करत बसलो तेव्हा लक्षात आलं की अकोल्यात दुपारी एक वाजता मी आईला रस्त्यावर कधी नेलंच नव्हतं. तिथे बाजार अर्धा मिटलेला असतो, वाळ्याच्या ताट्या भिजवलेल्या, कूलर घरघरतोय, बाहेर पडायचंच तर डोक्याला दुपट्टा आणि पोटात पन्हं. इथे मात्र तिकिटाचे पैसे युरोत भरलेले, म्हणून सकाळपासून नऊ किलोमीटर चाललो होतो. फोनवर ४० दिसत होतं, गावाकडच्या मानानं कमीच.

दुसरी फसगत घड्याळानं केली. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो साधारण सव्वाबाराला. अथेन्समध्ये उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, त्यामुळे तिथे तो दीडच्या सुमारास डोक्यावर येतो. म्हणजे "आता पाच वाजले, उतरलं ऊन" म्हणून बाहेर पडाल तर ते आपल्या पावणेचारचं ऊन असतं. सूर्य मावळतो जवळजवळ नऊला. सातच्या आधी आईला बाहेर काढायचं नाही, असा नियम आम्ही दुसऱ्या दिवसापासून केला.

आता अक्रोपोलिसबद्दल, कारण प्रत्येक जण तिथेच जातो. तिकीट ३० युरो आणि वेळ ठरवून घ्यावं लागतं. सकाळी ८ चीच वेळ घ्या, ती गेली असेल तर संध्याकाळची शेवटची. आम्ही ११ ची घेतली होती, कारण "हॉटेलचा नाश्ता का सोडायचा". वर सावली जवळपास नाहीच, आणि पायाखालचा दगड ऊन परत तोंडावर फेकतो. शिवाय हजारो पावलांनी तो इतका गुळगुळीत झालाय की चपला घालून गेलात तर घसरलातच. काफ्सोनास, म्हणजे उष्णतेची लाट आली की सरकार दुपारचे काही तास, संध्याकाळी पाचपर्यंत, ही जागा बंद ठेवतं. २०२३ मध्ये ठेवली, २०२४ मध्ये ठेवली, २०२५ मध्येही ठेवली. त्याच तासांत बाहेर काम करणाऱ्या मजुरांना आणि डिलिव्हरीवाल्यांनाही सक्तीची सुट्टी असते. ज्यांचा जन्म त्या उन्हात गेला ते सावलीत आणि आपण टोपी घालून सेल्फीत.

पाण्याची मात्र चंगळ आहे. पेरिप्तेरो म्हणजे फुटपाथवरची टपरी, तिथे अर्ध्या लिटरची गार बाटली आम्हाला ५० सेंटला मिळाली. अथेन्समध्ये नळाचं पाणीही पिता येतं, बाटली भरत राहा. बेटांवर मात्र आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी विकतचंच प्यावं लागतं. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, तो निघतो आणि लगेच उडतो, त्यामुळे तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. इलेक्ट्रालची पाकिटं इथूनच न्या. नुसतं पाणी ढोसून मुलाचं डोकं दुखायला लागलं होतं, मीठ-साखर पोटात गेल्यावर उतरलं. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. आईची चालू होती, आम्ही विचारलं नव्हतं. इन्सुलिन गाडीत ठेवू नका.

खोली घेताना "एसी आहे" एवढ्यावर जाऊ नका. आमच्या जाहिरातीत एसी होता, तो निघाला बैठकीच्या खोलीत, झोपायच्या खोलीत फक्त पंखा. शहरातल्या भिंती रात्रभर वाफा सोडत असतात. तीन रात्री चौघं बैठकीत गाद्या टाकून झोपलो, लग्नघरासारखे. दुपारी तीन ते साडेपाच तिथे शांततेची वेळ असते, मोठ्यानं बोललेलंही शेजाऱ्यांना खपत नाही. आधी चीड आली, मग कळलं, की हे आपल्या वामकुक्षीचंच सरकारी रूप आहे. गाव जागं होतं रात्री नऊला. चौकात अकरा वाजता पोरं फुटबॉल खेळत असतात, आज्या बाकावर गप्पा मारत असतात. आमची आई तिथे रमली.

नंतर नाक्सोस बेट. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बोटीनं पाचेक तास. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि ऊन जाणवतच नाही. मुलाचे खांदे आणि कान तिथेच भाजले. वारा फार वाढला तर बोटी रद्द होतात, म्हणून विमानाच्या आदला दिवस अथेन्सलाच काढा. आणि बेटावर "इथून तिथे चालतच जाऊ" करू नका. जून २०२४ मध्ये सिमी बेटावर मायकेल मोस्ली असेच एकटे उन्हात निघाले आणि वाटेतच वारले. ब्रिटिश टीव्हीवर लोकांना तब्येतीचे सल्ले देणारा माणूस होता तो. फोनवर ११२ चा मोठ्यानं कर्कश इशारा आला तर तो वाचा, वणव्यात गाव रिकामं करायचा आदेशही तसाच येतो. २०२३ मध्ये रोड्स बेटावरून हजारो पर्यटक हलवले होते.

परतीच्या आधी अथेन्सला एक दिवस होता. तिघं संध्याकाळी पुन्हा वर गेलो, पुन्हा तिकीट काढून. आई आली नाही. ती खाली अक्रोपोलिस संग्रहालयात वरच्या मजल्यावर बसली. तिथल्या काचेच्या भिंतीतून समोर टेकडीवरचं पार्थेनॉन मंदिर दिसतं आणि एसी जोरात असतो. आम्ही खाली आलो तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही वर दिसता का, बघत होते. सगळे मुंग्यांएवढे दिसतात."